अमेरिकेत जाऊन स्वयंपाक शिकणार का?

(पत्र लांब होतं, कापून देते आहे.)

मावशी, मी ३६ वर्षांची. सांगलीला बी. कॉम. केलं, लग्नाआधी चार वर्षं एका पतसंस्थेत होते. सात वर्षांपूर्वी एच-४ वर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याच्या बायकोला मिळतो तो व्हिसा) कॅलिफोर्नियात अर्वाइनला आले. नवऱ्याचा आय-१४०, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीनं केलेला अर्ज, मंजूर झालाय, पण माझं ईएडी, म्हणजे काम करायचं परवानापत्र, अजून काढलेलं नाही. मुलगी आता पहिलीत गेली आणि सकाळी साडेआठ ते दुपारी अडीच घर खायला उठतं. इथल्या कम्युनिटी कॉलेजच्या विषयांत ‘फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस’ (आपलं होम सायन्स) दिसलं आणि उगाच बरं वाटलं. नवरा म्हणतो, त्यापेक्षा डेटाचा कोर्स कर. सासूबाई सांगलीहून फोनवर म्हणाल्या, “स्वयंपाक आणि शिवण शिकायला अमेरिकेतल्या कॉलेजात जायचं? लोक हसतील की गं.” दिवाळीत मी फराळाच्या ऑर्डरी घेते, चार पैसे सुटतात. हा विषय घेतला तर पुढे काही होईल का? डिग्री करू की सर्टिफिकेट? आणि एकोणीस वर्षांच्या पोरांत बसून माझ्या इंग्रजीचं काय?
– घरातच अडकलेली

प्रिय अडकलेली,

आधी फराळाचं बोलू, ते निकडीचं आहे. तुझ्याकडे ईएडी नाही, म्हणजे इथं पैसे घेऊन काम करायची तुला परवानगी नाही. आणि काम म्हणजे नुसती कुणाची नोकरी नव्हे, घरच्या ओट्याशी उभं राहून चकल्या तळून विकणंही त्यातच धरतात. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर सगळ्याच विकतात, हे मलाही दिसतं. पण उद्या ग्रीन कार्डाच्या वेळी विनापरवाना काम केलं का, असा प्रश्न समोर आला तर चार डबे अनारशांपायी घाम फुटायला नको. ऑर्डरी थांबव. करायचीच हौस असेल तर यंदा फराळ फुकट वाट.

नवऱ्याचा आय-१४० मंजूर असेल तर त्याच्या एच-४ वरच्या बायकोला ईएडी मागता येतं. ही सोय २०१५ पासून आहे. फॉर्म आय-७६५. वकिलाशी बोलून याच महिन्यात भरा, कारण हातात यायला बरेच महिने लागू शकतात आणि तुम्ही दोघांनी आधीच पुष्कळ वेळ घालवला आहे. ते आलं की फराळाचा रस्ता सरळ होतो. घरगुती, न नासणारे पदार्थ विकण्यासाठी कॅलिफोर्नियात २०१३ पासून ‘कॉटेज फूड’ कायदा आहे. काउंटीच्या आरोग्य खात्याकडे नोंदणी करायची, अन्नसुरक्षेचा छोटा कोर्स करायचा, पाकिटावर घरच्या स्वयंपाकघरात केल्याचं छापायचं. पदार्थांची ठरलेली यादी असते. आपलं काय काय तिच्यात बसतं ते काउंटीलाच विचार.

शिकायला मात्र ईएडी लागत नाही. एच-४ वर अर्धवेळ किंवा पूर्णवेळ, कसंही कॉलेज करता येतं, विद्यार्थ्यांचा एफ-१ व्हिसा घ्यावा लागत नाही. हे तुला सात वर्षांत कुणी सांगितलं नाही याचं मला वाईट वाटतं.

आता सासूबाई. त्यांच्यावर रागावू नकोस. ‘होम सायन्स म्हणजे लग्नाळू मुलींचा टाइमपास’ ही समजूत त्यांनी तयार केलेली नाही. मी स्वतः परभणीची होम सायन्सवाली. आमच्या वेळी ॲग्रीची मुलं कॅन्टीनमध्ये विचारायची, “आज काय, उपम्याची परीक्षा का?” आणि आम्ही तेव्हा वर्गात प्रथिनांचं पचन आणि कापडाच्या धाग्यांचे पीळ घोकत असायचो. त्या कॉलेजचं नावही आता सामुदायिक विज्ञान महाविद्यालय झालं आहे. नाव बदललं की मान मिळतो अशी आशा दोन्हीकडे असते. अमेरिकेत हाच प्रकार १९९३ साली झाला, ‘होम इकॉनॉमिक्स’ची पाटी उतरवून ‘फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस’ची चढवली. मला विचारशील तर जुनं नाव काही वाईट नव्हतं.

सासूबाईंना एक गोष्ट सांग. एलन स्वॅलो रिचर्ड्स नावाची बाई होती. एमआयटीतून पदवी घेणारी पहिली स्त्री, साल १८७३, विषय रसायनशास्त्र. तिनं मॅसॅच्युसेट्समधल्या नद्या-विहिरींचं पाणी हजारो नमुने घेऊन तपासलं, अन्नातली भेसळ शोधली. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात तिनं एक स्वयंपाकघर मांडलं, त्यात लोकांना जेवण मिळायचं आणि त्या जेवणात पोषण किती हेही सांगितलं जायचं. मग १८९९ साली न्यूयॉर्क राज्यातल्या लेक प्लॅसिडला काही मंडळी जमली, पुढे दरवर्षी जमू लागली आणि त्यातून १९०९ साली अमेरिकन होम इकॉनॉमिक्स असोसिएशन उभी राहिली. पहिली अध्यक्ष हीच. घरातल्या पाण्याला, दुधाला, हवेला प्रयोगशाळेचा प्रश्न विचारायचा, तिथून हा विषय निघाला. पुरणपोळी कशी लाटायची हे शिकवायला नाही निघाला. (ते सासूबाईंकडूनच शीक, आणि त्यांना तसं सांगही. फोनवरचा अर्धा ताण तिथंच उतरेल.)

पण नुसत्या इतिहासावर नोकरी मिळत नाही, म्हणून आता रोखठोक. ‘फॅमिली अँड कन्झ्युमर सायन्सेस’ ही एक मोठी छत्री आहे आणि तिच्याखाली एकमेकांशी फारसा संबंध नसलेले धंदे उभे आहेत: पोषण, कपडे आणि फॅशन, इंटिरिअर, स्वयंपाक व हॉटेल, बालविकास, घराचं अर्थकारण. तुझ्याजवळच कोस्टा मेसाला ऑरेंज कोस्ट कॉलेज आहे, तिथं यातलं बरंचसं बघायला मिळेल. छत्रीच्या नावानं इथं कुणी नोकरी देत नाही. नोकरी देतात ती खालच्या एका दांडीला. म्हणून डिग्री की सर्टिफिकेट हा तुझा प्रश्न दुसरा. कुठली दांडी, हा पहिला.

पोषणाचा विषय सगळ्यांना भुरळ घालतो. ‘डाएटिशियन होईन’ म्हणून निदान दहा जणींनी मला आजवर लिहिलं असेल. त्यांना सांगितलं तेच तुला सांगते: १ जानेवारी २०२४ पासून रजिस्टर्ड डाएटिशियनची परीक्षा द्यायलाच पदव्युत्तर पदवी लागते. त्याआधी रसायनशास्त्र, शरीररचना, सूक्ष्मजीवशास्त्र. बी. कॉम.वरून निघालीस तर पाच-सहा वर्षांचा प्रवास समज. दोन वर्षांत होणारं डाएटेटिक टेक्निशियनचं काम आहे, पण ते मुख्यतः रुग्णालयं आणि वृद्धाश्रमांच्या स्वयंपाकघरांशी बांधलेलं. ओढ असेल तर जरूर कर. तुझ्या पत्रात मला ती दिसली नाही. कपडे आणि इंटिरिअर याबद्दल तू अक्षरही लिहिलेलं नाहीस, तेव्हा ते सोडून देते. (एक वर्ग मात्र कुणीही मजेखातर करावा, वस्त्रांची ओळख. धागा जाळून बघायचा: सुती जळताना कागदासारखा वास, लोकर-रेशीम जळताना केसांसारखा, पॉलिएस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. तो वर्ग केल्यानंतर ‘प्युअर सिल्क’ म्हणून कुणी तुला फसवू शकणार नाही.)

तुझं मूळ पत्र माझ्यासमोर आहे. फराळावर तू दोन ओळी लिहिल्यास. स्वयंपाक-शिवणावर, सासूबाईंचं वाक्य सोडलं तर, एकही नाही. आणि मुलीच्या केजीच्या वर्गात तू आठवड्यातून एकदा मदतीला जायचीस, तिथल्या त्या न बोलणाऱ्या मुलाबद्दल पाऊण पान! तीन महिने तो शब्द बोलला नाही, तू नुसती त्याच्या शेजारी बसून ठोकळे रचायचीस, आणि एक दिवस त्यानं पिवळा ठोकळा तुझ्या हातात देऊन ‘युवर्स’ म्हटलं. त्या दिवशी घरी येईपर्यंत गाडीत रडत होतीस म्हणतेस. हे पाऊण पान मी वर छापलं नाही, कारण ते तुझं आहे. पण माझं उत्तर त्यातूनच आलं. तुझी दांडी बालविकासाची.

ती कशी चालते ते नीट सांगते. इथं सगळं युनिटमध्ये मोजतात. एक वर्ग बहुधा तीन युनिटचा. खासगी, परवानाधारक प्रीस्कूलमध्ये शिक्षिका व्हायला बालविकासाची बारा युनिट लागतात, म्हणजे चार वर्ग, आणि त्याबरोबर कामाचा थोडा अनुभव. त्यात मुलाची वाढ आणि विकास; मूल, कुटुंब आणि समाज; आणि अभ्यासक्रम, असे विषय यावेच लागतात. सहा युनिट झाल्यावरही कामावर घेता येतं, मात्र उरलेली दर सत्राला करत राहायची या अटीवर. सरकारी पैशावर चालणाऱ्या केंद्रांना राज्याचं ‘चाइल्ड डेव्हलपमेंट परमिट’ लागतं आणि त्याच्या पायऱ्या आहेत. असोसिएट टीचरला बारा युनिट आणि ठरावीक दिवस काम. टीचरला बालविकासाची चोवीस आणि सर्वसाधारण विषयांची सोळा. ही सोळा तुझ्या बी. कॉम.मधून निघू शकतात. त्यासाठी मार्कशीटांचं मूल्यमापन मान्यताप्राप्त संस्थेकडून करून घ्यावं लागतं. विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट मागवायचं काम सांगलीला कुणाकडे तरी आजच सोपव. त्या खिडकीपाशी किती हेलपाटे पडतात हे तुला मी सांगायला नको.

म्हणजे डिग्री की सर्टिफिकेट? आधी सर्टिफिकेट. त्यातले वर्ग पुढे डिग्रीत धरले जातात, वाया काही जात नाही. साठ युनिटांची असोसिएट डिग्री आणि तिथून कॅल स्टेट या राज्याच्या विद्यापीठात बदली, हा रस्ता उघडाच राहतो. नॉर्थरिज आणि लाँग बीच इथं हा विभाग आहे. पण आज साठाचा आकडा डोळ्यांसमोर ठेवलास तर घाबरून पहिलेही तीन करणार नाहीस.

पहिला वर्ग ‘चाइल्ड ग्रोथ अँड डेव्हलपमेंट’चा घे. तिथं काय होतं त्याचा एक नमुना. मीही इथं आल्यावर, साठीच्या तोंडावर, आमच्या गावच्या कम्युनिटी कॉलेजात हा वर्ग केला, म्हटलं बघू तरी आता काय शिकवतात. पहिलं काम होतं एका मुलाकडे वीस मिनिटं बघायचं आणि दिसलं ते लिहायचं. मी लिहिलं, ‘मुलगा हट्टी आहे, लक्ष वेधून घेण्यासाठी चमचा टाकतो.’ बाईंनी सगळ्यावर लाल रेघ मारली. का? तर हट्टी दिसत नाही. लक्ष वेधायचा हेतूही दिसत नाही. दिसतं ते इतकंच: त्यानं तीनदा चमचा खाली टाकला, प्रत्येक वेळी टेबलावरून वाकून तो कुठं पडला ते पाहिलं, तिसऱ्यांदा हसला. मग माझ्या डोक्यात उजेड पडला की हा पोरगा कदाचित पडणं या गोष्टीचा अभ्यास करतोय. पंचवीस वर्षं होम सायन्स शिकवलेल्या बाईला ही लाल रेघ सोसायला एक आठवडा लागला. तू केजीत जे केलंस, काही न बोलता, काही न ठरवता शेजारी बसून राहिलीस, ते लोकांना शिकवायला सबंध सत्र जातं.

आता वाईट बाजू, कारण ती कॉलेजच्या माहितीपत्रकात नसते. प्रीस्कूलच्या शिक्षिकेचा पगार कमी असतो. कॅलिफोर्नियात घरभाडं बघता तर फारच कमी. एका मोठ्या माणसामागे बारा मुलं, तान्ह्यांच्या खोलीत चार. पाठ दुखते, पहिल्या वर्षी सर्दी हटत नाही. कामाला लागण्याआधी बोटांचे ठसे, टीबीची तपासणी, लशींचे कागद. हे सगळं ऐकूनही जायचं असेल तर जा. एक आशादायक बदल असा की २०२५-२६ पासून इथल्या सरकारी शाळांत चार वर्षांच्या प्रत्येक मुलासाठी टीके, म्हणजे ट्रान्झिशनल किंडरगार्टन, सुरू झालं आहे. तिथल्या मुख्य शिक्षिकेला टीचिंग क्रेडेन्शियल, म्हणजे शाळेत शिकवायचा राज्याचा परवाना, लागतं, ते तुझ्यासाठी लांबचं. पण वर्गात दुसरा मोठा माणूसही लागतो आणि त्याला शाळेच्याच वेळा, शाळेच्याच सुट्या असतात. तुझी मुलगी पहिलीत आहे, हे विसरू नकोस. पुढेमागे केंद्राची संचालिका व्हायचं मनात आलं तर आणखी तीन युनिट व्यवस्थापनाची आणि काही वर्षांचा अनुभव लागतो. हिशोब, वसुली, रजिस्टरं, ऑडिट यांना घाबरणाऱ्या शिक्षिका मी ढिगानं पाहिल्यात. पतसंस्थेत मार्चअखेर काढलेली बाई तिथं घाबरणार नाही.

पैशाचं म्हणशील तर या राज्यात रहिवासी विद्यार्थ्याला एका युनिटला ४६ डॉलर पडतात, २०१२ पासून तोच दर. तीन युनिटांचे १३८, वर किरकोळ शुल्क. पण ‘रहिवासी’ हा शब्द बघ. रहिवासी धरलं नाही तर त्याच वर्गाला कैक पट बिल येतं. राज्यात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचं आणि इथंच राहायचा इरादा असल्याचं दाखवावं लागतं: टॅक्स रिटर्न, ड्रायव्हिंग लायसन्स, भाडेकरार. एच-४ असणाऱ्याला हा दर्जा मिळू शकतो. अर्ज भरल्यावर पोर्टलवर तुझ्या नावापुढे ‘नॉन-रेसिडेंट’ दिसलं तर घाबरून पैसे भरू नकोस, कागद घेऊन ॲडमिशन्सच्या खिडकीवर जा. केंद्र सरकारची शैक्षणिक मदत मात्र एच-४ ला मिळत नाही. वेळापत्रकात काही वर्गांपुढे पुस्तकांचा खर्च शून्य अशी खूण असते, तेवढं हेरून घे.

नवऱ्याच्या म्हणण्याला मी हसणार नाही. एच-१बी वाल्याच्या डोक्यावर साठ दिवसांची टांगती तलवार असते. नोकरी गेली की तेवढ्यात दुसरी शोधायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. तो ‘डेटा’ म्हणतो तेव्हा त्याला बहुतेक ‘आपल्या दोघांपैकी एकाची तरी’ असं म्हणायचं असतं. त्याच्याशी तेवढंच बोल, कोर्सावरून भांडू नका. परत जायची वेळ आली तर कॅलिफोर्नियाचं परमिट सांगलीत कामाचं नाही, हे खरं. पण डेटाचं काम तुला आवडत नसताना तू त्यात टिकशील, हे त्यानं कशावरून धरलं? तुझ्या पत्रात त्या कोर्सावर एकच वाक्य आहे आणि तेही त्याचं.

इंग्रजीबद्दल. इथं प्रवेशपरीक्षा नसते, अर्ज केला की प्रवेश. लिहिण्याची भीती असेल तर त्याच कॉलेजांत ईएसएलचे, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांसाठीचे, नॉन-क्रेडिट वर्ग फुकट असतात, शिवाय लेखन-मदतीचा कक्ष असतो. तिथं निबंध घेऊन जाण्यात कसली लाज नाही. आणि एकोणीस वर्षांची पोरं? माझ्या वर्गात ती होती खरी. पण शेजारी होती दोन नातवंडांची ग्वाटेमालाची आजी, तिचा नॅनीचा अनुभव तीस वर्षांचा. आणि पलीकडे रात्रपाळी करून येणारा एक बाप. गटचर्चेत पोरं गप्प बसायची आणि आम्हालाच बोलावं लागायचं, कारण मूल रात्री तीनला का उठतं हे आम्हाला माहीत होतं. उच्चाराकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माझं तर परभणीचं इंग्रजी.

एकाच वर्गानं सुरुवात कर. वर्गाचा आणि घरच्या अभ्यासाचा मिळून आठवड्याला नऊएक तास धर. ते साडेआठ ते अडीचमध्येच बसव; रात्री ओटा आवरून अभ्यास करीन म्हणशील तर तिसऱ्या आठवड्यात गळशील. नोंदणीआधी काउन्सेलरची वेळ घे आणि त्याच्याकडून लेखी एज्युकेशन प्लॅन काढून घे, कारण परमिटचे नियम अधूनमधून बदलतात. जमत नाही असं वाटलं तर पहिल्या काही आठवड्यांत वर्ग सोडता येतो, गुणपत्रिकेवर डागही पडत नाही. ती तारीख भिंतीवर लिहून ठेव आणि मग तिच्याकडे बघू नकोस.

पहिलं निरीक्षण लिहून झालं की मला पाठव. त्यात ‘लाजाळू’ हा शब्द सापडला तर लाल रेघ मारीन.

तुझी,
मावशी